अडीच ग्रॅम बांधी

बिरसीला उतरणारं विमान एका अंगावर कलतं तेव्हा खिडकीतून दिसतात त्या बांध्या. धुऱ्यांनी आखलेले, एकमेकांना चिकटलेले तुकडे. एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. श्रावणात त्यांत आभाळ उतरलेलं असतं, दिवाळीच्या सुमारास धान पिवळं पडलेलं असतं आणि मे महिन्यात नुसती तडकलेली, करडी जमीन. या सगळ्याच्या मध्ये धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी ती बांधली. युद्ध संपल्यावर तिच्या वाट्याला बरीच वर्षं सामसूम आली, पुढे शिकाऊ वैमानिक आले आणि २०२२च्या मार्चपासून प्रवासी विमानं. गोंदिया जिल्ह्यातल्या, कामठ्याजवळच्या या गावाचं नाव आता बाहेरच्यांना कळतं ते विमानतळामुळे. मला मात्र धावपट्टीपेक्षा तिच्या कुंपणाला टेकलेल्या बांधीत रस आहे, आणि त्या बांधीतल्याही फक्त अडीच ग्रॅम मातीत.

प्रयोगशाळेत ‘उपलब्ध स्फुरद’, म्हणजे पिकाला मिळू शकणारा फॉस्फरस, मोजायला तेवढीच माती लागते. एका हेक्टरातला वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर तोलला तर तो २२ लाख ४० हजार किलो भरेल, असं माती तपासणारे धरून चालतात. अडीच ग्रॅम म्हणजे त्याचा नव्वद कोटीवा भाग. एवढ्या चिमटीवरून शेतकऱ्याच्या माती तपासणीच्या कार्डावर शब्द उमटतो: स्फुरद कमी. किंवा मध्यम. किंवा जास्त. आणि रोवणीच्या आधी डीएपी खताची किती पोती आणायची ते त्या शब्दावर ठरतं, निदान ठरावं अशी अपेक्षा असते. चिमटीतून शब्द निघतो कसा, ही गोष्ट दीडशे वर्षांची आहे. तिची सुरुवात रसायनशाळेत झाली नाही.

या भागातल्या मातीला पहिल्यांदा आकडा चिकटवला तो महसूल खात्याने. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात (वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ला) आणि भंडारा मध्य प्रांतात. १८८०च्या दशकात प्रांताच्या जमाबंदीची घडी बसवली ती जे. बी. फुलर या अधिकाऱ्याने. हाच फुलर पुढे वंगभंगानंतर पूर्व बंगाल आणि आसामचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि वर्षभरात राजीनामा देऊन घरी गेला. राजकारणात त्याचं जे झालं ते झालं, मातीच्या बाबतीत त्याचं डोकं बरं चाले. मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदाराच्या, तोंडाकडे पाहून सारा ठरवण्यापेक्षा त्याने प्रत्येक शेताची प्रत ठरवायला लावली. प्रतीला एकरी गुणांक, गुणांक गुणिले क्षेत्र म्हणजे त्या शेताचे ‘सॉइल युनिट’, आणि त्या युनिटांवर खंड आणि सारा. पटवारी शेतोशेत हिंडले. कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बर्डी ही लोकांच्या तोंडची नावं सरकारी रकान्यांत जाऊन बसली. काळी, भारी ती कन्हार. तिच्या खालोखाल मोरंड. पिवळसर, हलकी, पण पाणी मिळालं की धानाला उमदी ती सिहार. चढावरची मुरमाड ती बर्डी.

मातीच्या जातीइतकंच वजन शेताच्या जागेला होतं. चढावर आहे की खोलगटात, तलावाखाली आहे की नाही, हे सगळं लिहिलं जाई. त्यातलाच एक वर्ग ‘खारी’. म्हणजे गावठाणाला लागून असलेली जमीन, जिच्यात गोठ्यांचं पाणी, चुलीची राख आणि उकिरड्याचा ओघळ दर पावसाळ्यात मुरतो ती. खारीचा गुणांक वरचा. तिच्यात काय जास्त आहे हे कुणी मोजलेलं नव्हतं, तशी सोयच नव्हती. पण स्फुरदाच्या नजरेने पाहिलं तर पटवाऱ्याचा तो रकाना विलक्षण बरोबर होता. नत्र हवेत उडतं, पाण्याबरोबर निघून जातं. स्फुरद जिथे पडतं तिथेच मातीला धरून बसतं, आणि माणसं नि गुरं पिढ्यान् पिढ्या जिथे राहिली तिथे ते साठत जातं. १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस बिटाच्या साखर उद्योगासाठी शेतांतलं स्फुरद मोजत होता. नकाशावर भलत्याच ठिकाणी मोठे आकडे यायला लागले. खाली जुन्या, विसरलेल्या वस्त्या होत्या. पुरातत्त्ववाले अजूनही ही युक्ती वापरतात: मातीतल्या स्फुरदावरून गाव हुडकायचं. आपल्या पटवाऱ्याने हेच काम दुसऱ्या टोकाने केलं होतं. गाव डोळ्यांसमोर होतं, त्यावरून त्याने जमिनीचा कस लिहून टाकला.

डिसेंबर १८८९मध्ये जॉन ऑगस्टस व्होल्कर हिंदुस्थानात उतरला. इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचा हा सल्लागार रसायनतज्ज्ञ. इथल्या शेतीचं काय सुधारता येईल ते पाहून सांग, एवढंच काम होतं. वर्षभर तो देश हिंडला आणि १८९३मध्ये त्याचा जाडजूड अहवाल निघाला. इथला शेतकरी अडाणी आहे हे गृहीत धरणाऱ्यांना त्याने पहिल्याच झटक्यात गप्प केलं: चांगला हिंदुस्थानी शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसच आहे, असं त्याचं मत पडलं. कमी आहे ती खताची. शेण जळतं, कारण जाळायला लाकूड नाही. आणि हाडं, तेलबिया जहाजात बसून परदेशी जातात.

हाडं म्हणजे त्या काळी जगभरचं स्फुरद. इंग्लंडात जॉन लॉझने हाडांवर गंधकाचं आम्ल ओतून केलेल्या सुपरफॉस्फेटचं पेटंट १८४२मध्येच घेतलं होतं, आणि तेव्हापासून युरोपला हाडांची भूक लागली होती. व्होल्कर येण्याच्या सुमाराला नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे गोंदियावरून धावायला लागली होती. आधी बंडीने जाईल तेवढंच धान बाहेर जाई, आता डबे भरून जायला लागलं. एक टन धानाच्या दाण्यात साधारण दोन-अडीच किलो स्फुरद असतं. तणीस गुरं खातात, शेणातून थोडं परत येतं. दाणा मात्र गेला तो गेलाच. एका बांधीपुरता हा हिशेब क्षुल्लक वाटतो. पन्नास पावसाळ्यांचा मांडला की वाटत नाही.

व्होल्करच्या पाठोपाठ, १८९२मध्ये, सरकारने जे. डब्ल्यू. लेदर याला कृषिरसायनतज्ज्ञ म्हणून नेमलं. लेदरने देशभरच्या माती तपासल्या आणि १८९८मध्ये त्यांच्या घटकांवर लिहिलं. गंगेच्या खोऱ्यातली गाळाची, काळी कापसाची, लाल, आणि जांभ्याची, अशी चार मोठी घराणी त्याने मांडली. ही मांडणी टिकली. पण मातीत एकूण स्फुरद किती, या आकड्याचा शेतकऱ्याला काही उपयोग होईना. मातीत शेकडा ०.०५ इतकं स्फुरद असलं तरी हेक्टरी हजार किलोच्या वर जातं, आणि धानाच्या पिकाला लागतं दहा-वीस किलो. कोठार भरलेलं आहे आणि पीक उपाशी आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कोठाराला कुलूप आहे. कुलपाबाहेर किती आहे, हा प्रश्न.

तो प्रश्न सोडवण्याची पहिली धीट खटपट लंडनच्या बर्नार्ड डायरने केली. त्याचा विचार साधा होता. मुळं आंबट असतात, त्यांच्या रसात माती थोडी थोडी विरघळते आणि पीक तेवढंच खातं. मग मुळाच्या रसाइतकं आंबट पाणी आपणच करावं आणि त्यात माती भिजवावी. शंभरावर झाडांची मुळं पिळून त्याने रसाचा आंबटपणा काढला. तो साधारण एक टक्का सायट्रिक आम्लाइतका भरला. सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबातलंच. त्या आंबट पाण्यात त्याने रोथॅमस्टेडच्या जुन्या प्रयोगशेताची माती सात दिवस घुसळत ठेवली. कुठल्या तुकड्याला चाळीस वर्षं स्फुरद दिलंय आणि कुठल्याला अजिबात नाही, याची तिथे पक्की नोंद होती. एकूण स्फुरदाच्या आकड्यांत जो फरक धूसर होता तो लिंबाच्या पाण्यात ठळक झाला. १८९४मध्ये त्याने जाहीर केलं: या पाण्यात मातीच्या शेकडा ०.०१ पेक्षा कमी फॉस्फरिक आम्ल उतरत असेल तर त्या जमिनीला स्फुरदाचं खत लागेल. ‘उपलब्ध’ हा शब्द या विषयात घट्ट रुतला तो इथून. डायरने त्याच्या मागे ‘बहुधा’ लावला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नंतरच्यांनी तो गाळला.

इंग्लंडच्या मातीत जमलेलं हे लिंबूपाणी आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत गेलं आणि फसलं. चुना आम्लाला आधी खाऊन टाकतो; बाटलीत आंबटपणाच उरत नाही, मग विरघळणार काय? बिहारातल्या पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत हॅरिसन आणि सुरेंद्रलाल दास या रसायनतज्ज्ञांनी १९२१मध्ये दाखवलं की विरघळणारं स्फुरदखत घातलं तरी चुनखडीची आणि बिनचुनखडीची माती ते वेगवेगळ्या रीतीने धरून ठेवतात. म्हणजे कुलूप एक नाही. काळ्या जमिनीत चुन्याचं कुलूप, बिरसीकडच्या पिवळ्या-तांबूस, किंचित आम्ल धानाच्या जमिनीत लोहाचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं. दोन कुलपांना एक किल्ली कशी चालेल?

नागपूरला प्रायोगिक शेत १८८३पासून होतं, कृषी महाविद्यालय १९०६मध्ये सुरू झालं. त्याच १९०६ साली मद्रासकडे राणीपेटला पॅरी कंपनीने देशातलं पहिलं सुपरफॉस्फेट काढलं. पण कामठा-आमगाव पट्ट्यातल्या धान पिकवणाऱ्याला यातलं फार काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याचं खत होतं उकिरडा, आणि उन्हाळ्यात मालगुजारी तलाव नाहीतर बोडी, म्हणजे लहानसं तळं, आटली की तिच्या तळातून बंडीने आणलेला गाळ. गाळ म्हणजे वरच्या सगळ्या शिवाराची धुपून आलेली वरची कातडी, म्हणजेच स्फुरदाचा भाग. मालगुजारीत तलाव होते तोवर गाळ काढणं हे गावाचं ठरलेलं काम होतं. तलाव सरकारकडे गेले आणि ते काम कुणाचंच उरलं नाही, ही वेगळी कहाणी; पण मातीच्या जमाखर्चात ती नोंदवायला हवी.

१९४० साली बिरसीत धावपट्टी पडत होती. त्याच दशकात, १९४५मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रॉजर ब्रे आणि टुबी कुर्ट्झ यांनी आम्ल जमिनींसाठी किल्ली घडवली. अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल आणि त्यात अमोनियम फ्लोराइड. फ्लोराइडला अ‍ॅल्युमिनियमची भारी ओढ. ते अ‍ॅल्युमिनियमला मिठी मारतं आणि त्याच्या हातातलं स्फुरद सुटतं. ब्रे याचं मोठेपण मला त्या रसायनापेक्षा त्याच्या शहाणपणात दिसतं. चाचणीकडून त्याने तीन अपेक्षा ठेवल्या: निरनिराळ्या मातींतून पिकाला मिळू शकणारा हिस्सा सारख्या प्रमाणात बाहेर यावा, तो झटपट मोजता यावा, आणि येणारा आकडा शेतातल्या पिकाच्या वाढीशी जुळावा. तिसरी अपेक्षाच खरी. बाटलीतला आकडा स्वतः काहीच सांगत नाही. शेतात खत घालून, न घालून, पीक तोलून पाहिल्यावर त्याला जीभ फुटते.

दुसरी किल्ली १९५४ची. कोलोरॅडोत स्टर्लिंग ओल्सेन आणि त्याचे तीन सहकारी यांनी चुनखडीच्या जमिनींसाठी आम्ल सोडूनच दिलं आणि सोडा घेतला. हाच आपला खाण्याचा सोडा, लिटरभर पाण्यात ४२ ग्रॅम, सामू ८.५ वर आणलेला. सोड्यातलं कार्बोनेट चुन्याला ओढून खाली बसवतं आणि चुन्याने धरलेलं स्फुरद पाण्यात मोकळं होतं. अर्धा तास हलवायचं, गाळायचं, मोजायचं. डायरच्या सात दिवसांचा अर्धा तास झाला.

याच सुमाराला आपल्याकडेही पावलं पडत होती. १९४७मध्ये ए. बी. स्टुअर्ट या स्कॉटिश तज्ज्ञाने सरकारला अहवाल दिला की खतांचे प्रयोग सरकारी शेतांवर पुरे झाले, आता ते शेतकऱ्यांच्या साध्या शेतात करा. १९५५-५६मध्ये भारत-अमेरिका करारातून माती तपासणीच्या पहिल्या डझन-दीड डझन प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. भंडारा जिल्हा तेव्हाच, १९५६ला, मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात येत होता. स्फुरदासाठी देशभर मुख्यतः ओल्सेनचा सोडा स्वीकारला गेला. फारच आम्ल जमीन असेल तर ब्रे. साठीच्या दशकात ‘सॉइल टेस्टिंग इन इंडिया’ या पुस्तिकेने जे तक्ते रूढ केले त्यांत हेक्टरी दहा किलोखाली स्फुरद ‘कमी’, पंचविसाच्या वर ‘जास्त’, मधलं ‘मध्यम’. आज बांधीच्या कार्डावर जो शब्द येतो तो या रेघांचा वंशज आहे.

आता ती अडीच ग्रॅम माती जवळून बघू.

बांधीतून नमुना काढायचा तर नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खड्डा करतात. धुऱ्याजवळ नाही, झाडाखाली नाही, खताचा ढीग होता तिथे तर नाहीच. खड्ड्याच्या कडेची बोटभर जाड चकती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घमेल्यात घेतात. सगळी एकत्र कालवून, पसरून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे. असं करत करत अर्धा किलो उरवायची. सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीने कुटायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. त्यातली अडीच ग्रॅम चंबूत. चिमूटभर कोळशाची पूड, मातीचा पिवळा-तपकिरी रंग शोषून घ्यायला. वर पन्नास मिलिलिटर सोड्याचं पाणी. अर्धा तास यंत्रावर हलवून गाळलं की खाली येतं ते पाणी दिसायला निव्वळ पाणी असतं. त्यातलं पाच मिलिलिटर वेगळं घेऊन गंधकाच्या पातळ आम्लाचे थेंब सोडले की ते सोड्याच्या बाटलीसारखं फसफसतं. फेस निवला की मॉलिब्डेटचं मिश्रण, आणि काही मिनिटांत निळा रंग. स्फुरद जितकं जास्त तितका निळा गडद; यंत्राच्या प्रकाशाने तो निळा तोलायचा.

या शेवटच्या टप्प्याची कृती लिव्हरपूलच्या मर्फी आणि रायली या दोघांची, १९६२ची. ते माती तपासत नव्हते. समुद्राच्या पाण्यातलं स्फुरद मोजत होते, आणि त्यासाठी त्यांनी मॉलिब्डेट, अँटिमनी आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व, एकाच बाटलीत बसवलं. समुद्राने कधी न पाहिलेल्या गोंदियाच्या बांधीत त्यांची बाटली पोचली.

आणि मोजतो तरी किती? समजा कार्डावर यायचा आकडा आहे हेक्टरी दहा किलो, ‘कमी’ आणि ‘मध्यम’च्या बरोबर रेघेवर. म्हणजे एका ग्रॅम मातीत साधारण साडेचार मायक्रोग्रॅम. अडीच ग्रॅममध्ये अकरा. पाच मिलिलिटर घेतल्यावर उरलं १.१ मायक्रोग्रॅम, एका ग्रॅमच्या दहालाखाव्या भागाहून किंचित जास्त. चंबू फॉस्फेट असलेल्या साबणाने धुतला असेल, नीट खळबळला नसेल, तर त्या साबणाचं स्फुरद शेतकऱ्याच्या नावावर जमा होतं. कोळशाच्या पुडीतच स्फुरद असेल तरीही तेच. म्हणून माती न घातलेला एक कोरा चंबू बरोबर चालवतात, आणि जिथे तो इमाने चालवतात तिथलाच आकडा मी तरी वाचेन.

साबणापेक्षा मला जास्त खुपते ती वेगळीच गोष्ट. सोड्याच्या पाण्यात किती स्फुरद उतरेल ते पाण्याच्या उष्णतेवर ठरतं. ओल्सेनच्याच अहवालात आहे: २० ते ३० अंशांच्या दरम्यान दर एका अंशाला मातीच्या दहा लाख भागांत सुमारे ०.४३ भाग स्फुरद जास्त निघतं. हेक्टरावर नेलं की एका अंशाला जवळजवळ एक किलो. म्हणजे तीच माती वीस अंशांच्या खोलीत हलवली तर ‘कमी’ येईल आणि तीस अंशांत हलवली तर ‘मध्यम’मध्ये चढून बसेल. कोलोरॅडोच्या प्रयोगशाळेत हा मुद्दा तळटिपेचा असेल. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो, पंखा गरम वारा फिरवतो आणि वीज गेली की तोही थांबतो. आणि शेतकऱ्याने नमुने आणून द्यायचा हंगाम तोच.

आकड्यांची आणखी एक गंमत आहे, जिने भल्याभल्यांना फसवलं आहे. माती तपासणारा कधी स्फुरद लिहितो, कधी फॉस्फरिक ऑक्साइड, स्फुरदाला २.२९ ने गुणलं की ऑक्साइड मिळतं. खताच्या पोत्यावर नेहमी ऑक्साइडच. डीएपीच्या पोत्यावर १८-४६ छापलेलं असतं. पन्नास किलोच्या पोत्यात त्या हिशेबाने २३ किलो ऑक्साइड, म्हणजे निव्वळ स्फुरद दहा किलो. धानाला हेक्टरी १००:५०:५० ही जी शिफारस आहे, तिच्यातले मधले पन्नास म्हणजे खरं स्फुरद बावीस किलोच्या आसपास, दोन पोत्यांहून थोडं जास्त. पण पोतं विकत घेताना कुणी २.२९ ने भागत नाही. सायकलवर, मोटारसायकलवर, बंडीत बसेल तसं पोतं येतं, आणि आदल्या वर्षी शेजाऱ्याने किती टाकलं यावर ठरतं.

हे बदलायचा एक गंभीर प्रयत्न १९६७-६८पासून झाला. बी. राममूर्ती यांच्या कल्पनेतून अखिल भारतीय प्रकल्प उभा राहिला: कमी-मध्यम-जास्त या तीन खणांऐवजी, तुम्हाला किती क्विंटल उत्पादन हवं ते सांगा, माती किती देईल ते चाचणी सांगेल, उरलेलं खतातून द्या, असं समीकरणच मांडायचं. आपल्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठात त्यावर वर्षानुवर्षं काम झालं. ब्रेची तिसरी अपेक्षा पुरी करण्याचा, माझ्या मते, हाच सगळ्यात प्रामाणिक रस्ता. तरी १९ फेब्रुवारी २०१५ला राजस्थानातल्या सूरतगडला मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली तेव्हा बारा घटक तपासायचे ठरले आणि नमुना मात्र ओलिताच्या जमिनीत अडीच हेक्टरांच्या चौकोनातून एक, कोरडवाहूत दहा हेक्टरांतून एक. कोरडवाहूच्या चौकोनात बिरसीसारख्या ठिकाणी किती मालकांच्या किती बांध्या मावतील, त्यांत खारी किती आणि बर्डी किती, याचा विचार फुलरच्या पटवाऱ्याने केला असता.

पण धानाच्या बांधीत खरी अडचण आहे ती पाण्याची, आणि ती या सगळ्या किल्ल्यांपेक्षा जुनी आहे. हॅरिसन पुसाला जाण्याआधी कोइमतूरला होता. तिथे १९१३पासून त्याने पी. ए. सुब्रमण्य अय्यर यांच्याबरोबर धानाच्या चिखलातून निघणारे वायू तपासले. बांधीत पाणी साचलं की मातीत हवा पोचत नाही, हे त्यांच्यापासून नीट कळायला लागलं. पुढे फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय धान संशोधन संस्थेत पोन्नमपेरुमा यांनी पाण्याखालच्या मातीचं सगळं रसायन मांडलं. हवा संपली की मातीतलं तांबडं लोह रूप बदलतं, पाण्यात विरघळायला लागतं, आणि त्याने धरून ठेवलेलं स्फुरद हातातून निसटतं. चिखलणी करून पऱ्हे रोवले, दोन-तीन आठवडे पाणी राहिलं, की बांधीतलं कुलूप आपोआप सैल होतं. धानाला मिळतं ते कार्डावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळदा जास्त. कोरड्या, कुटलेल्या, चाळलेल्या मातीवर ओल्सेनची चाचणी केली तिला हे कुठून कळणार? तिने विचारलं ते उन्हाळ्यातल्या मातीला, आणि उत्तर लागू केलं पावसाळ्यातल्या चिखलाला.

धान कापलं, पाणी उतरलं, भेगा पडल्या की गोष्ट उलटते. लोह पुन्हा तांबडं होतं आणि या वेळी बारीक, ताज्या गंजासारखं पसरून स्फुरदाला आधीपेक्षा घट्ट धरतं. धानाने फुटवे चांगले काढलेल्या त्याच बांधीत मागून पेरलेला गहू किंवा हरभरा खुरटतो. म्हणून धानानंतर दुसरं पीक घेणाऱ्यांना सांगतात की स्फुरदाचं खत जास्त करून रब्बीला द्या. जुनी रीत मात्र अशी की धान उभं असतानाच, ओल आहे तोवर, लाखोळी नाहीतर जवस फेकून द्यायचं. त्या पिकाला खत द्यायची चाल कधी नव्हती. भेगा पडायच्या आत ते मुळं धरतं, कुलूप पुरतं बसण्याआधी जमेल तेवढं उचलतं.

धावपट्टीच्या कुंपणाआत, डांबर नसलेल्या जागी, गवत आहे. १९४०पासून त्या जमिनीत बहुधा रोवणी झाली नाही, डीएपीचं एक पोतं पडलं नाही, धानाचा एक दाणा तिथून बाहेर गेला नाही. रोथॅमस्टेडवाले १८४३पासून गव्हाच्या शेताचा एक पट्टा मुद्दाम बिनखताचा राखून बसले आहेत, तुलनेला म्हणून. इथे युद्धाने तसाच एक आपसूक राखून ठेवला आहे. कुंपणाच्या दोन बाजूंच्या मातीचे दोन चंबू शेजारी ठेवून निळा रंग पाहायला मला फार आवडेल, आणि जमलं तर वर्षातून दोनदा: एकदा भादव्यात, बांधी चिखलात असताना, आणि एकदा लाखोळी फुलावर आल्यावर. नमुना घ्यायचा ठरलेला महिना मात्र मेच आहे. बांधी कोरडी असते, शेतकरी मोकळा असतो, आणि प्रयोगशाळेतल्या सोड्याच्या बाटलीला हात लावला तर ती कोमट लागते.